उजेड किती ठेवायचा

तो ठिपका विझलेला होता. लॅपटॉपच्या डाव्या कडेला, चार्जरची पिन जिथे आत शिरते तिथे, मोहरीएवढा एक दिवा — पांढरा असला की पोट भरलेलं, नारिंगी असला की जेवण चालू, आणि विझलेला असला की बाबा नुकतेच खोलीतून जाऊन गेलेले. तिने भिंतीकडे पाहिलं. बटण बंद. ते कधी आले, कधी गेले, तिला कळलंही नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने बटण कुठे आहे हे त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं, आणि बोट बटणावर पडल्याचं बहुधा त्यांचं त्यांनाही कळत नसावं... ती वाकली, बटण चालू केलं, ठिपका नारिंगी झाला, आणि पुन्हा खुर्चीत बसून ती समोरच्या तक्त्याकडे पाहू लागली.

तक्त्यात तीन नावं होती. लॅपटॉपची वीज सांभाळणारी तीन सॉफ्टवेअरं, आणि प्रत्येकापुढे हिरव्या खुणा आणि लाल फुल्या. पहिलं बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायचं आणि मग गप्प बसायचं. दुसरं वीज तुटली की मोठ्याने ओरडायचं — ते तिने सकाळीच बाद केलं होतं, कारण ओरडणार कोणासाठी, बाबांना दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही — पण मग त्याचंच ते लाल वर्तुळ, अख्ख्या स्क्रीनभर येणारं, ते तर बाबांना दिसेल, म्हणून पुन्हा विचारात घेतलं होतं. तिसरं म्हणे माणसाच्या सवयी शिकतं आणि आपलं आपण ठरवतं. ह्या शेवटच्या वाक्यापाशी ती मघापासून अडून बसली होती. सवयी शिकायला त्याला किती दिवस लागतात, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

निवडणं हा खरं तर तिचा धंदा. ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडायची. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या पुढ्यात ठेवल्या तर कुठली टिकेल हे तिला पान उलटतानाच्या आवाजावरून कळायचं, आणि त्यावरून तिथे तिची थट्टाही व्हायची. आणि इथे, आईच्या टेबलाशी, आईच्या खुर्चीत, पाठीमागची उशी काढावी की राहू द्यावी हेही तिला आल्यापासून ठरवता आलेलं नव्हतं.

राहू दे. उशी राहू दे. आधी हे.

उद्या सकाळी ती आपल्या घरी परत जाणार होती, आणि मग बाबा आणि ती ह्यांच्यामध्ये हा एवढा एक चौकोन उरणार होता. साध्या फोनवर बाबांना काही कळत नाही. समोर चेहरा असला, ओठ हलताना दिसले, की मात्र सगळं कळतं — म्हणजे निदान सगळं कळल्यासारखी ते उत्तरं देतात. दर रविवारी, दिवेलागणीला व्हिडिओ कॉल. आई होती तेव्हापासूनची ती वेळ. आईने जायच्या आधी कधीतरी एन्टरच्या कळीवर लाल कापडाचा एक तुकडा चिकटवून ठेवला होता, ‘पोरगी आली की एवढंच दाबायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही’, आणि बाबा इमानाने एवढंच दाबायचे. काही रविवार ठीक गेले. आणि मागच्या महिन्यात ते काहीतरी सांगत असताना — ‘मला ना ठमे, हल्ली जरा...’ — चौकोन काळा झाला.

हल्ली जरा काय?

तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. बाबांच्या फोनवर लावला, तो कुठेतरी कपाटात वाजत राहिला असणार. खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे किल्ली असते, त्या बाजारात गेल्या होत्या. त्या परत येऊन जिना चढेपर्यंतच्या वेळात तिने मनात काय काय पाहून घेतलं ते ती कुणालाही सांगणार नव्हती. मग मावशींचा फोन: ‘अगं, काही नाही झालेलं, बसलेत की मस्त! केसबिस विंचरून, काळ्या स्क्रीनसमोर. म्हणतात, येईल ती परत, मी दाबून ठेवलंय.’ लाल तुकड्यावर बोट तसंच ठेवून बसले होते. आणि पुढच्या रविवारी तिने विचारलं, बाबा, तुम्ही काय सांगत होतात, हल्ली जरा काय? तर ते म्हणाले, ‘मी? कधी?’

झालं होतं ते एवढंच, की चौकोनासमोर येऊन बसण्याआधी बाबांनी नेहमीप्रमाणे फेरी मारली होती. बाबा कारखान्यात वायरमन होते. संध्याकाळी सगळे घरी गेले की एकेका खात्यातून फिरायचं, यंत्रं थंड झाली का पाहायचं, आणि दिवे मालवत मालवत दाराशी यायचं. शेवटचा दिवा त्यांचा. निवृत्त झाल्यावर तो अख्खा कारखाना आटून ह्या तीन खोल्यांत येऊन बसला. कुणी नाही त्या खोलीत दिवा दिसला की बंद, पंखा दिसला की बंद, आणि भिंतीवरचं कुठलंही बटण, त्याला काय जोडलंय हे न बघता, बंद. त्या दिवशी त्यांनी आपल्याच हाताने आपली वीज तोडली आणि खुर्चीत जाऊन बसले. आणि बॅटरी आता थकलेली होती, तिला तेवढासुद्धा दम निघाला नाही.

लॅपटॉप दुकानात नेऊन झाला होता. दुरुस्तीवाली तिच्याच वयाची, फटकळ, चष्मा केसांत खोचून तोच चष्मा टेबलावर शोधणारी. तिने सांगितलं, ह्या जातीची बॅटरी आता दुकानात नसते, मागवावी लागेल, वेळ लागेल; तोवर वीज सांभाळणारं एखादं चांगलं सॉफ्टवेअर टाका, म्हणजे आहे ती पुरवून पुरवून वापरेल आणि निदान बंद पडायच्या आधी सांगेल तरी. नवीनच घेतला तर? पण नवीनचं नाव काढल्यावर बाबा म्हणाले होते, ‘मला तो लाल तुकडेवाला पाहिजे,’ आणि विषय तिथेच संपला होता.

आणि त्यात आधीपासून एक सॉफ्टवेअर होतं. आईचं.

ते उघडत नव्हतं. मध्ये कधीतरी लॅपटॉपने स्वतःला अद्ययावत करून घेतलं आणि तेव्हापासून त्या जुन्या सॉफ्टवेअरची खिडकी उघडायची बंद झाली. दोनदा टिचकी मारली की क्षणभर काहीतरी उमटल्यासारखं व्हायचं आणि नाहीसं व्हायचं. पण ते चालत मात्र होतं. आत कुठेतरी, आईने जसं लावून ठेवलं होतं तसंच. उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, बारीक अक्षरांत, वीज कशी वापरायची ह्याच्या त्याने चालू ठेवलेल्या बेताचं नाव दिसायचं — बेतांना नावं आपण द्यायची असतात, आणि ती आईने दिलेली होती. चार्जर लागलेला असला की तिथे ‘काम’ असं दिसायचं. आणि वीज तुटली की स्क्रीन हळूच मंद व्हायची, आतल्या पंख्याची घरघर थांबायची, आणि ‘काम’ जाऊन तिथे यायचं: ‘ह्यांची फेरी’.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिला हसू फुटलं होतं. एकटीच, ह्याच खुर्चीत, कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली होती ती, आणि मग तोंडावर हात ठेवून दाराकडे पाहिलं होतं, जणू बाबांना ऐकू गेलं असतं.

आई कपड्यांचे साचे काढायची. एका मापाचा सदरा असला तर त्यावरून लहानमोठ्या सगळ्या मापांचे तुकडे — बाही, गळा, पाठ — आधी कागदावर, आणि नंतर ह्या लॅपटॉपवर; मग कापडाच्या रुंदीत ते सगळे तुकडे असे बसवायचे की बोटभरही चिंधी वाया जाऊ नये. तशीच तिने वीजही बसवली होती. रोजची बॅटरी साठ टक्क्यांवर थांबायची, का तर त्याने तिचं आयुष्य वाढतं. आणि नवरा येऊन बटण बंद करून गेला की आपण अंधुक स्क्रीनवर काम करत राहायचं, चार रेषा होतात तेवढ्या करायच्या, आणि उठण्याचं काही निमित्त निघालं की मग बटण लावायचं. एकदा सुट्टीत आलेली असताना ती चिडली होती, आई, सांग ना त्यांना, किती वेळा तेच! तेव्हा आईने मान वरसुद्धा केली नव्हती. ‘तो त्यांचा हात आहे गं. हाताला काय सांगायचं? मी मशीनला सांगून ठेवलंय.’

मशीनला सांगून ठेवलंय... आणि मशीन अजून ऐकतंय.

दुपारी दुरुस्तीवालीचाच फोन आला.

“ताई, टाकलंत का?”

“नाही अजून. तिन्हींतलं कुठलं, तेच—”

“अहो, कुठलंही टाका! लग्न थोडंच लावायचंय. फक्त आधी जुनं काढा हं, मग नवं. दोन एकत्र राहिली तर एका स्वयंपाकघरात दोन सासवा, हिने गॅस लावला की ती बंद करणार.”

“जुन्यातलं काही नव्यात घेता येतं का?”

“काय घ्यायचंय?”

काय घ्यायचंय मला? “सेटिंग,” ती म्हणाली.

“ते उघडतच नाही तर दिसणार कसं? काढलंत की गेलं सगळं. बनवणारे पण दुकान बंद करून गेले केव्हाचे.” मग तिला काहीतरी आठवलं. “एक विचारू? वापरायचं कोण हे?”

“आई.”

“नाही, म्हणजे गंमत वाटली मला. मी बॅटरीचा सगळा इतिहास काढून बघितला ना. एवढी जपून वापरलेली बॅटरी मी आजवर बघितली नाही, रोज साठला थांबलेली, शिस्तीत. आणि मधूनच एकदम शंभर! काठोकाठ भरायची, आणि स्क्रीन फुल्ल, अगदी तापेपर्यंत. शेवटी शेवटी तर जास्तच. त्यानेच मेली ती. एवढं जपणारं माणूस मधूनच असं उधळेल का? मला वाटलं घरात नातवंड असेल, गेमबिम खेळणारं.”

“नाही,” ती म्हणाली. “नातवंड नाही.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या शब्दावर थांबली. उधळणं. आईच्या बाबतीत हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. वापरलेल्या पाकिटाची मागची बाजू, संपलेल्या रिळांची फिरकी, साबणाच्या वडीला चिकटवलेली आधीच्या वडीची चपटी कड... त्या बाईने विजेची उधळपट्टी केली? कशासाठी? काहीतरी चूक असेल. मशीनं चुकतात.

चहा घेऊन ती बाहेर गेली तेव्हा बाबा खिडकीशी पाय पसरून बसले होते, मांडीवर जुना टेस्टर, त्याचं टोक ते रुमालाने पुसत होते.

“ठरलं?” त्यांनी विचारलं.

ती त्यांच्या समोर आली, म्हणजे ओठ दिसावेत. “नाही. तीन आहेत. एक ऐंशीवर थांबतं—”

“काय करतं ते शेवटी?”

“वीज वाचवतं, बाबा.”

“आणि ते स्वतः कशावर चालतं?”

“विजेवरच.”

“वा!” बाबांनी टेस्टर खिशाला लावला. “म्हणजे पगार घेऊन पैसे वाचवणारा कारकून. अगं, वीज वाचवायची तर बटण बंद करायचं. चाळीस वर्षं मी हेच केलं, मला कुणी सॉफ्टवेअर म्हणालं नाही.”

“तुम्हीच तर बंद करता म्हणून घ्यायचंय ते!”

हे बहुधा त्यांना कळलं, कारण त्यांनी लगेच कपात तोंड घातलं. मग कपातूनच म्हणाले, “तिने कधी तक्रार नाही केली.”

नाही केली. तीच तर गंमत आहे, बाबा. तिने तुमच्या नावाचा एक बेत करून ठेवला आणि तक्रार केली नाही. हे सांगावं असं तिला वाटलं, आणि सांगितलं तर ते आजपासून हात बांधून बसतील असंही वाटलं, आणि फेरी न मारणारे बाबा, दिवे चालू ठेवून सरळ जाऊन झोपणारे बाबा, डोळ्यांसमोर आले तर तिला ते काही बघवेनात. तिने बिस्किटाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

“उद्या पोचलीस की कळव,” ते म्हणाले.

“तुम्हाला ऐकू येणार आहे का फोन?”

“मावशींना कळव. त्या वरून जिन्यात ओरडतात. त्यांचं मला ऐकू येतं.”

“मावशी खाली राहतात, बाबा. खालून ओरडतात.”

“तेच ते. कुठूनही ओरडू देत, त्यांचं ऐकू येतं.”

खोलीत परत आली तेव्हा दुपार कलली होती. आता पुरे, असं तिने स्वतःला सांगितलं. पहिलं घ्यायचं, ऐंशीवर थांबणारं, शहाणं, गप्प, आईला आवडलं असतं असं. तिने जुन्याच्या नावावर जाऊन ‘काढून टाका’ दाबलं. एक लहान चौकट उघडली. खरंच काढायचं आहे का? होय. नाही. असं पुस्तकांचंही करावं लागतं. झिजलेली, कुणी न नेणारी, बाद करायची पुस्तकं, त्यांच्या पहिल्या पानावर एक शिक्का मारायचा असतो, आणि तो तिने शेकड्यांनी मारलाय, न थांबता. मग आपण थांबलोय कशाला? उद्यापासून बाबा दिसायला हवेत. धड दिसायला हवेत, मध्येच काळोख न होता. मला ते जेवतायत का, त्यांचे डोळे सुजलेत का, दाढी केलीय का, एवढं इथून... तिथून कळायला हवं. आईच्या वेळी कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. दर रविवारी आई इतकी बरी दिसायची.

काढण्याआधी एकदा कॅमेरा चालतो का बघून घ्यावं, असं तिच्या मनात आलं. हे टाळणं आहे हे तिला कळत होतं. तरी तिने बोलण्याची खिडकी उघडली, पांढरी, रिकामी, आणि तिच्या मधोमध तिचा स्वतःचा चेहरा आला. खोलीत दिवा नव्हता, बाहेरचा उजेड उतरत चालला होता. डोळ्यांखाली काळं. ओठांच्या कडेला दोन्ही बाजूंनी आईची ती रेघ. दोन आठवडे आपण बाबांना हा चेहरा दाखवत फिरतोय — ती स्वतःकडे तटस्थपणे पाहू लागली, बाद करायच्या पुस्तकाकडे पाहावं तशी...

आणि स्क्रीन उजळू लागली.

तिने कशालाही हात लावला नव्हता. एकदम नाही, हळूहळू, कुणीतरी वात वर करत न्यावी तसा उजेड चढत गेला, मंद पांढऱ्याचा लख्ख पांढरा झाला, आत पंखा घरघरू लागला. आणि चौकोनातला तिचा चेहरा त्या उजेडात वर आला. डोळ्यांखालचं काळं गेलं. रेघा गेल्या. गालांवर काहीतरी तुकतुकीत आलं. पाहता पाहता ती अशी दिसू लागली, जणू नुकतीच झोपून उठली आहे, जणू गेले चार महिने तिच्या आयुष्यात काहीही घडलेलं नाही.

तिने कोपऱ्यात पाहिलं. तिथे आता ‘काम’ नव्हतं आणि ‘ह्यांची फेरी’ही नव्हती. तिथे होतं: ‘ठमी’.

रविवार. दिवेलागण.

ती हलली नाही. आई, किती छान दिसतेयस — हे आपण म्हणायचो. दर वेळी. मुद्दाम नव्हे, खरंच दिसायची म्हणून. पांढऱ्या उजेडात न्हायलेली, डोळ्यांत दोन बारीक चौकोन चमकणारे. आणि आई म्हणायची, ‘मग? म्हातारी काय व्हायचे मी एवढ्यात!’ आणि मग तुझं सांग, तुझं सांग. आपलं सांगून व्हायचं. अर्धा तास, पाऊण तास. साठवर थांबलेली बॅटरी रविवारी दुपारपासून शंभरपर्यंत भरून ठेवायची, म्हणजे मध्ये कुणी बटण बंद केलं तरी उजेड कमी व्हायला नको. चिंधी वाया न घालवणाऱ्या बाईने एवढा एक उजेड... उधळला म्हणायचं का ह्याला? तिने तोही मापूनच घेतला असणार. किती उजेडात किती दुखणं झाकतं, समोर बसून, ह्याच छोट्या चौकोनात स्वतःला बघत, एकेक घर वर नेत. इथे पुरे. इथे ठमीला कळणार नाही.

तिला राग यायला हवा होता. तो येतो का म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली. आला नाही, आली ती एक विचित्र लाज, कुणी आपल्याला झोपेत पांघरूण घातलेलं उशिरा कळावं तशी.

बाबा आत आले. फेरी. सपाता घसटत, कपाटाशी, खिडकीशी, आणि सवयीने हात भिंतीकडे गेला — आणि तिथेच थांबला. ते उजेडात बसलेल्या तिच्याकडे पाहत होते.

“आज रविवार,” ते म्हणाले.

तिने मान हलवली.

“रविवारी संध्याकाळी ह्याला हात लावायचा नाही. हुकूम आहे.” बोट त्यांनी मागे घेतलं आणि खिशात घातलं, जणू त्याला तिथे कोंडून ठेवलं. “एकटा असलो की विसरतो मी. समोर कुणीतरी बसलेलं दिसलं, म्हणून आठवलं.”

“आई बोलायची तेव्हा तुम्ही कुठे असायचात?” ओठ नीट दिसतील असं तिने विचारलं.

“हे काय, इथे.” टेबलाच्या बाजूला, भिंतीलगत एक स्टूल होतं, आल्यापासून ती त्यावर धुतलेले कपडे ठेवत होती. “ती म्हणायची, आधी मी बोलते, मग तुम्ही या. तोवर मी इथे.”

“इथून कशी दिसायची?”

बाबांनी स्टुलाकडे पाहिलं.

“दमायची,” ते म्हणाले. “बोलणं झालं की पडून राहायची जरा. मग मी हे बटण बंद करायचो.”

एवढंच. ती उठली, आणि खुर्ची मागे ओढून म्हणाली, “बसा. एकदा बघू लागतंय का.”

बाबा बसले. दोन्ही हातांनी केस चापून बसवले, पाठीमागची उशी न बघता थोडी डावीकडे सरकवली — उशी त्यांची होती? — आणि लाल तुकड्यावर बोट धरून तयार झाले. ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि आपल्या फोनवरून फोन लावला. लॅपटॉप वाजला, वाजलेलं त्यांना ऐकू गेलं नाही, पण स्क्रीनवर काहीतरी हललेलं दिसलं, आणि त्यांनी दाबलं.

तिच्या तळहातात बाबा उजळले. केवढे तरुण. गाल भरलेले, कपाळ गुळगुळीत, डोळ्यांत दोन बारीक चौकोन. फोनच्या वरून तिने पलीकडे पाहिलं, तर खुर्चीत एक वाकलेली पाठ होती, मानेजवळ सैल झालेली कॉलर, आणि कानामागे राहून गेलेला दाढीचा पांढरा पट्टा. तिने पुन्हा फोनकडे पाहिलं. मग पुन्हा पलीकडे. ऐंशीवर थांबणारं, शहाणं सॉफ्टवेअर टाकलं की हा उजेड जाईल आणि कॉलर दिसेल. हेच राहू दिलं तर दर रविवारी हे तरुण बाबा येतील, आणि एक दिवस मध्येच काळोख होईल...

“दिसतोय का?” खुर्चीतले बाबा म्हणाले, आणि जरा मागाहून तळहातातले.

“दिसताय.”

“कसा?”

“छान,” ती म्हणाली. “बरे दिसताय, बाबा.”

“मग? म्हातारा काय व्हायचो मी एवढ्यात!”

आणि ते हसले, पांढऱ्या उजेडात, थेट कॅमेऱ्याकडे बघत. ती फोन धरून तशीच उभी. त्या स्टुलावर बसून बसून त्यांचं ते वाक्य पाठ झालं होतं की कुणी त्यांना ते देऊन गेलं होतं, हे तिला कळेना; आणि दाबायची कळ सोडून आणखी काय काय शिकवून ठेवलंय, हेही.

तिने फोन पालथा केला आणि टेबलाच्या कडेवर ठेवून दिला. स्टुलावरचे कपडे उचलले, कुठे ठेवावे ते न सुचून मांडीवर घेतले, आणि बसली. इथून बाबांची एकच बाजू दिसत होती. नाकाच्या शेंड्यापासून पुढे लख्ख उजेड, आणि कानापासून अलीकडे सगळं आपलं साधं, संध्याकाळचं.

“ठमे? गेलीस कुठे?” ते चौकोनात शोधत होते. चौकोनात आता नुसता काळोख होता, टेबलाचा. “बंद पडलं बघ पुन्हा.”

तिने त्यांच्या दंडाला हात लावला. ते वळले. वळताना उजेड गालावरून सरकत मागे गेला आणि तो चेहरा तिच्यापुढे आला — दोन आठवडे ती ज्याला जेवायला वाढत होती, ज्याच्याशी भांडत होती, आणि बहुधा ज्याच्याकडे तिने पाहिलंच नव्हतं.

“इथे आहे मी.”

“हां,” ते म्हणाले. “इथून दिसत नाही ना त्यात.”

“नाही दिसत.”

पंखा घरघरत होता. उजळलेल्या खिडकीच्या मागे ती लहान चौकट अजून उघडी असणार, होय आणि नाही, दोन्ही तशीच. बाबांनी खिशातला हात काढला आणि तो भिंतीकडे न जाता तिच्या मांडीवरच्या कपड्यांवर आला. एका बाहीची दुमडलेली कड ते अंगठ्याने सरळ करू लागले.

“मला ना ठमे,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “हल्ली जरा...”

काय, असं ती म्हणाली नाही. ओठ हलवलेच नाहीत तिने, त्यांना वाटायला नको की आता आपण ऐकायचंय. ती नुसती त्यांच्या बाजूला बसून राहिली. ठिपका कुठल्या रंगाचा होता, तिने पाहिलं नाही.